आडनाव न लावणारा पाव्हणा

समाजासाठी कला करणारा माणूस दिसला की मी वाट बदलतो. खोटं कशाला बोलू? खांद्याला झोळी, पायात चप्पल नाही, आणि तोंड उघडलं की 'संवाद'. असं कुणी समोर आलं की मी ब्रश धुवायच्या निमित्तानं उठतो. लोक म्हणतात, पेंटर, तुमी सोता रंगात हात घालणारे, तुमाला काहून एवढा राग? राग येतो आणि जातो. ही शिसारी आहे, आणि ती माझ्यासोबत सरणावर जाणार.

मी पाट्या रंगवतो. आखाडा बाळापूरच्या बाजारपेठेत कृषी केंद्रांच्या, कापडाच्या, भांड्यांच्या दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या फळीवर 'आईवडिलांची कृपा', शाळांच्या भिंतींवर पाढे, नरसीला नारळ-प्रसादाच्या टपऱ्या, जयंती आली की बॅनर, आणि वरून आदेश आला की गावोगाव 'हात धुवा'. ह्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट सांगतो, लांबून वाचता येणारं अक्षर काढणं ही सोपी गोष्ट नव्हे. पण मला कुणी कलावंत म्हणत नव्हतं आणि मलाही त्याची काही पडलेली नव्हती.

आमचं गाव बाळापूरपासून जवळच. आमची वस्ती गावाच्या उगवतीला. वस्तीचं जुनं नाव म्हणजे आधी आमची जुनी जात आणि तिला जोडून 'वाडा'. ते नाव मी इथं पुरतं लिहिणार नाही. वाचणाऱ्याला कळायचं ते कळलं. आमच्या बापजाद्यांनी धर्म बदलला, मेलेलं ओढायचं सोडलं, पोरं शाळेत घातली, पण ते नाव काही हलायला तयार नव्हतं. ग्रामपंचायतीच्या कागदावर तेच, आणि गावाच्या तोंडातही तेच.

त्या नावाची सगळ्यात जास्त तकलीफ कुणाला झाली असेल तर माझ्या मायला. ती निंदणी-खुरपणीला जायची आणि संध्याकाळी दळण घेऊन गिरणीवर. गिरणीवाला आमच्या वस्तीचे डबे वेगळे ठेवायचा आणि सगळ्यांचं दळून झाल्यावर दळायचा. डबे मिसळू नयेत म्हणून त्यांच्यावर कोळशानं वस्तीचं नाव टाकायचा. माय घरी येऊन पदरानं ते पुसायची. दुसऱ्या खेपेला तो परत लिहायचा. हे किती वर्षं चाललं असेल देव जाणे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे, मी नुकतंच बाळापूरला एका पेंटरच्या हाताखाली काम शिकून हाताला वळण लावून घेतलं होतं. वस्तीतल्या तरण्या पोरांनी बैठक घेऊन वस्तीला पंचशीलनगर नाव द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी माय डबा घेऊन माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, ह्याच्यावर घाल ते नाव, कोळशाला जागा ठेवू नको.

मी डब्याला चारी बाजूंनी निळं नाव घातलं. ते बघून वस्तीतल्या साऱ्या बायका डबे घेऊन आल्या. दोन दिवस मी डबेच रंगवले. गिरणीवाला काय करतो? सगळ्या डब्यांवर मोठ्या अक्षरात पंचशीलनगर. त्याला लिहायला जागाच उरली नाही, आणि बोलताना मुकाट 'नगराचे डबे' म्हणायला लागला. मग आम्ही समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर, सडकेवरून दिसेल असं तेच नाव घातलं. ती माझ्या आयुष्यातली पहिली मोठी पाटी. खाली चौकटीत एक बारीक पांढरी रेघ मारली होती, तिचा मला उगाच अभिमान होता.

नाव हळूहळू रुळलं. पोस्टमन म्हणायला लागला, मास्तर म्हणायला लागले. मेंढ्या घेऊन फिरणारी हटकरांची माणसं रस्त्यात भेटली की विचारायची, नगरात हायेत का हो लोक घरी? विद्यापीठाच्या एका पाटीवरच्या नावापायी मराठवाड्यात काय काय जळालं ते आमच्या पिढीनं बघितलेलं आहे. त्यामुळं एवढं बिनबोभाट झालं ह्याचंच आम्हाला अप्रूप होतं. पुढं हिंगोली जिल्हा झाला. परभणी पुसून हिंगोली लिहिताना माझे हात दुखले. एका रात्रीत अख्ख्या मुलखाचं नाव बदललं आणि कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. आमचं मात्र कागदावर जुनंच. घरपट्टीची पावती आली की माय माझ्याकडून वाचून घ्यायची आणि ते नाव आलं की दुसरीकडं बघायची. तिचं एकच मागणं होतं, तिच्या डोळ्यांदेखत ग्रामसभेत ठराव व्हावा आणि पंचायतीच्या कागदावर पंचशीलनगर चढावं. त्यासाठी ती सरपंचाच्या दाराला कितीदा जाऊन आली. शेवटी दोन हजारनंतर एका वर्षी सरपंच म्हणाला, येत्या ग्रामसभेत घेऊन टाकू.

आणि नेमकी तेव्हाच ती दोघं आली.

एक पुरुष, चाळिशीचा, दाढीवाला, आणि त्याच्यासोबत कॅमेरा घेतलेली एक बाई. ती त्याला सर म्हणायची, म्हणून आम्हीही सर म्हणायला लागलो आणि तिला मॅडम. पुण्याकडून आले होते. गावात राहून लोकांबरोबर कला करायची, असं काहीतरी काम त्यांना कुणीतरी देऊन पाठवलं होतं. समाजमंदिरात उतरले. वस्तीला आनंद झाला, का होणार नाही? शिकलेली माणसं आपल्यात येऊन राहतायत म्हणताना घराघरातून ताटं गेली. आमच्या मायनं तर सिद्धेश्वरच्या धरणाची मासळी आणवून कालवण केलं आणि दोघांना घरी जेवायला बोलावलं.

जेवायला बसल्यावर सरांनी आधी पाणी मागितलं. मायनं तांब्या दिला. त्यांनी तो हातात धरून ठेवला, मॅडमकडं बघितलं, मॅडमनं कॅमेरा काढला, आणि मग ते प्यायले. फोटो नीट आला नाही म्हणून परत प्यायले. मग मायला म्हणाले, बघा, मी तुमच्या घरचं पाणी पितोय. मायला काही कळलंच नाही. तिला वाटलं पाणी गढूळ आहे की काय, तिनं तांब्यात डोकावून बघितलं. मला मात्र चांगलंच कळलं आणि घास तोंडात फिरायला लागला. अरे, तहान लागली तर पी ना बाबा! आमच्या घरचं पाणी पिऊन तू आमच्यावर उपकार करून राहिला का?

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम सुरू. बायकांना गोल बसवायचं, हातात मातीचा गोळा द्यायचा आणि म्हणायचं, ह्यातून तुमची जखम घडवा. बायकांनी चुली घडवल्या. चांगल्या, जाळाला तोंड ठेवलेल्या. सरांनी नाक मुरडलं नाही, पण तोंड पडलं. मग म्हणाले, दुःख सांगा. एक म्हणाली गुडघे धरतात, एक म्हणाली लाइटीचा दाब कमी हाय, पंखा फिरत न्हाई. सर म्हणाले, तसं नव्हे, ते दिवस सांगा, जुने. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ज्याची आठवण लेकरांना नको म्हणून त्यांनी जन्मभर तोंड शिवून ठेवलं होतं, तेच नेमकं ह्याला पाहिजे होतं. पाव्हणा नाराज होऊ नये म्हणून शेवटी एका मावशीनं काहीबाही सांगितलं आणि सांगताना ती रडली. सरांचा चेहरा असा फुलला की मला तिथं बसवेना.

मग समाजमंदिराच्या भिंतीचं निघालं. सरांनी वस्तीची बैठक घेतली आणि विचारलं, ह्या भिंतीवर काय पाहिजे, तुम्ही सांगा, भिंत तुमची आहे. लोकांनी भक्तिभावानं सांगितलं. ज्यांचा फोटो आमच्या घराघरात आहे ते, कोटात, खिशाला पेन लावून. त्यांच्याजवळ कॉम्प्युटरपुढं बसलेली एक मुलगी, कारण वस्तीतली एक पोरगी तेव्हा हिंगोलीला कॉम्प्युटर शिकायला जायची. आणि पाटी आहे तिथंच राहू द्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले की हे कॅलेंडर झालं, ह्यात लोकांचं सत्य नाही.

त्यांच्या सत्यात काय होतं? वाकलेली माणसं. गळ्यात मडकं, कमरेला झाडू, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. भिंतभर. काळा आणि मातकट सोडला तर रंग नाही. चित्र पुरं होत आलं तशी माणसं कामाला जाताना त्या भिंतीकडं बघायची टाळायला लागली. पोरं मात्र एकमेकांना तू हा, तू तो, असं चिडवायला लागली. सर म्हणाले, बघा, लोक अबोल झालेत, म्हणजे कला पोहोचली. मला त्यांच्या दाढीला धरावंसं वाटलं.

तरीही मी गप्प होतो. चित्र त्यांचं, मी कोण सांगणार? पण मग ते माझ्या घरी आले. म्हणाले, तुमचं अक्षर फार जिवंत आहे, तुम्ही इथले लोककलावंत आहात, चित्रावर वरती तुमच्या हातचं नाव पाहिजे. मी म्हटलं, नाव आहेच की, पंचशीलनगर. ते म्हणाले, ते नको, ते गुळगुळीत आहे. त्यांना जुनं नाव पाहिजे होतं. ते त्यांना पंचायतीच्या कागदात सापडलं होतं. म्हणाले, शिवी आपणच हातात घेतली की तिची धार जाते, ह्याच नावाचा आपण झेंडा करू. हे 'आपण' त्यांनी इतक्या सहज म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी आलेला माणूस. मी शांतपणे विचारलं,

"सर, तुमचं आडनाव काय?"

ते हसले. "मी आडनाव लावत नाही. वीस वर्षं झाली सोडून. आडनावातून जात कळते ना."

मला वाटलं आता ह्यांना स्वतःचं बोलणं ऐकू येईल. नाही आलं. मग मी म्हटलं,

"मंग आमच्या भिंतीवर जात काहून लिवून राहिले?"

आता बाप्या चिडेल, नाहीतर खाली बघेल, असं मला वाटलं. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि मॅडमला म्हणाले, "हे टिपून घे. फार सुंदर आहे हे."

सुंदर! मी त्यांना सांगितलं की माझ्या हातून ते अक्षर होणार नाही. ते म्हणाले, तुमच्या नकाराचा मी आदर करतो, तुमचा नकारसुद्धा ह्या कलाकृतीचा भाग आहे. म्हणजे नाही म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

पुढच्या मंगळवारी मी बाळापूरला बाजारात होतो. वस्तीतले बाकीचेही कामाला नाहीतर बाजाराला. संध्याकाळी आलो तर समाजमंदिरासमोर माणसं उभी. माझी पाटी गेली होती. तिच्यावर चुना मारून सरांनी ते जुनं नाव लाल रंगात लिहिलं होतं, हातभर उंचीच्या अक्षरात, आणि प्रत्येक अक्षराखालून रंग मुद्दाम ओघळू दिला होता. रक्त दिसावं म्हणून. रंग ओघळू नये म्हणून उस्तादाच्या शिव्या खाऊन मी हात बसवलेला माणूस. पण ते जाऊ द्या. जे नाव आम्ही आमच्या हातानं पुसलं होतं, तेच परत आमच्या बोडक्यावर, तेही आमच्याच मंदिरावर. एक म्हातारा माणूस खाली बसून माती उकरत होता.

मी घरी जाऊन चुन्याची बादली उचलली. मायनं दारात अडवलं. तिचाही चेहरा काळा ठिक्कर पडला होता, पण म्हणाली, पाव्हना वस्तीत हाय तवर पुसायचं न्हाई. आपल्या घरी जेवलाय तो. रविवारी त्यांचे लोक येणार हायेत, ते बघून जातील, मंग पूस. वडीलधाऱ्यांचंही तेच पडलं. चार दिवसांचा पाव्हणा, त्याच्या तोंडावर त्याचं काम कुठं पुसता? आमच्या लोकांचं हे असं आहे. ज्याला कुणी पूर्वी दारात उभं केलं नाही, त्याला दारात आलेल्याचं फार. मी बादली खाली ठेवली. मायचा शब्द होता.

ग्रामसभा शुक्रवारी होती.

माय त्या दिवशी कामाला गेली नाही. लग्नाकार्याचं लुगडं नेसली. ग्रामसभेला बायका फारशा नसत, पण ती पुढं जाऊन बसली. सर आणि मॅडमही आले होते, कॅमेरा घेऊन, कडेला उभे. बाकीचे विषय झाले आणि सरपंचानं ठराव काढला की वस्तीचं नाव कागदोपत्री पंचशीलनगर करावं. कुणी विरोध करेल असं वाटत नव्हतं, निम्मं गाव तर तेच नाव घेत होतं. तेवढ्यात वरच्या आळीचा एक जण उठला. रागात नव्हता, हसतच होता. म्हणाला,

"त्यांच्या मंदिरावर त्यांनीच लिवलंय की जुनं नाव. पुण्याची मान्सं आनून लिवून घेतलंय. त्यांनाच पाहिजे तर आपन बदलायचं काहून?"

सभेत हशा पिकला. दोघंतिघं 'बराबर हाय' म्हणाले. सरपंच ज्याच्या बाजूला जास्त माणसं त्याच्याकडं बघणारा. आमच्यातला एक जण उठून सांगायला लागला की ते आमी न्हाई लिवलं, पाव्हण्यानं लिवलं. तर समोरून उत्तर आलं, पाव्हना तुमचाच ना? तुमच्याच मंदिरात राहतो, तुमच्याच घरी खातो.

मी सरांकडं बघितलं. साऱ्या वस्तीनं बघितलं. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. हे मी लिहिलंय, ह्यांना विचारलं नव्हतं, एवढंच. शिकलेल्या शहरी माणसाचा शब्द सरपंचानं ऐकला असता. मी कडेला जाऊन त्यांना हळू आवाजात म्हटलं, सर, बोला. ते डोळ्याला कॅमेरा लावून होते, मॅडमकडून त्यांनी स्वतःकडं घेतला होता. तो न काढता कुजबुजले,

"आत्ता मध्ये पडलो तर सगळं बिघडेल. बघा ना, गाव बोलायला लागलंय."

गाव बोलत नव्हतं, गाव हसत होतं. ठराव बाजूला ठेवला गेला. सरपंच म्हणाला, आधी तुमचं तुमच्यात ठरवा. माय उठली, लुगड्याची धूळ झटकली, आणि कुणाकडं न बघता घराकडं चालायला लागली. तिला एवढी हळू चालताना मी कधी बघितलं नव्हतं.

रविवारी दोन गाड्या भरून त्यांची माणसं आली. भिंतीपुढं उभं राहून टाळ्या वाजवल्या. एका बाईनं डोळे पुसले. मायनं त्यांनाही चहा केला. का केला, मला विचारू नका, मी तेव्हा तिच्याशी बोलत नव्हतो. सोमवारी सर निघाले. जाताना सगळ्यांना मिठ्या मारल्या, मलाही मारायला आले, मी हात रंगाचे आहेत म्हणून सांगितलं. गाडी सडकेला लागली आणि आम्ही भिंतीला चुना मारला. लाल रंग चुन्याच्या तीन हातांनीही झाकला गेला नाही, आतून गुलाबी दिसत राहिला. त्याच्यावर मी परत पंचशीलनगर लिहिलं. पुढं एकदा बाळापूरला दुकानात पुडी बांधायच्या रद्दीत मला त्या भिंतीचा रंगीत फोटो दिसला. खाली आमच्या गावाचं नाव, मोठ्या अक्षरात ते जुनं नाव, आणि सरांचं नाव, आडनावाशिवाय. तो कागद मी मागून घेतला आणि गटारात टाकला.

ग्रामसभेतला तो हशा मात्र गावात राहिला. जे जुनं नाव घ्यायला लोक कचरायला लागले होते, ते आता चेष्टेत घ्यायला लागले. आम्ही तोंड उघडलं की उत्तर तयार, तुमीच लिवलं होतं ना भिंतीवर? चेष्टेचं मग नेहमीचं झालं. ज्या पोरांनी लहानपणापासून पंचशीलनगरच ऐकलं होतं, तीही तसंच म्हणायला लागली. ठराव परत कधी निघाला नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माय बाजार करून काळीपिवळीनं येत होती. मी समाजमंदिराजवळ एका ट्रॉलीचं काम करत होतो. जीप वस्तीच्या फाट्यावर थांबली, डायव्हरनं आवाज दिला, गाडीतून कुणी उतरलं नाही. मायचं लुगडं मला खिडकीतून दिसलं होतं, पण जीप तिला घेऊन पुढं गेली. मला वाटलं तिला डुलकी लागली असेल. बऱ्याच वेळानं ती पुढच्या थांब्याकडून चालत आली, भर उन्हात, दोन्ही हातांत पिशव्या. मी पळत जाऊन पिशव्या घेतल्या. तिचं तोंड लालबुंद झालं होतं. मी ओरडलोच, झोपली होतीस का, फाटा आला होता, डायव्हरनं आवाज दिला होता, मी सोता ऐकला.

ती पदरानं मान पुसत म्हणाली, "ऐकला की मीबी. त्यानं आपलं नाव घेतलं न्हाई."

आणि त्यानंतर ती मरेपर्यंत पुढच्याच थांब्यावर उतरायची.